रविवारी घरोघर प्रवास-पाहणी

सर्व सदस्यांनो, येत्या रविवारी सकाळी ८ वाजता साताऱ्यात पोवई नाक्यावर जमायचं आहे. तिथून दोघादोघांनी परळी खोऱ्यातल्या गावांत जायचं.

- 'एरवी कसे जाता' नको, कालचा प्रवास विचारा. दळणाला, रानात, शाळेला पायी गेलेलंही लिहा. लोक ते प्रवासात धरतच नाहीत. रविवारी विचारताना 'काल' म्हणजे शनिवार, तेव्हा शाळा सकाळची असते हे लक्षात ठेवा.
- एसटी आणि वडाप (सीटवर पैसे घेणाऱ्या खाजगी जीपगाड्या) वेगळं नोंदवा. बायकांना २०२३ पासून एसटीत अर्धं तिकीट आहे, तेव्हा प्रत्यक्ष दिलेले पैसेच लिहा.
- दारात मोटरसायकल असली तरी ती कोणाला मिळते, हे घरातल्या बाईलाच विचारा. कारभाऱ्याने सगळ्यांच्या वतीने दिलेली उत्तरं चालणार नाहीत.

मोबाईल नंबर कोणाचाही घेऊ नका. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, जोडी बदलावी लागते.