बाल्कनीतल्या टेबलाबद्दल सुतारकाकांना पत्र

आदरणीय सुतारकाका,
स. न. वि. वि.

काम संपल्यावर तुम्ही चहासुद्धा अर्धाच घेऊन निघालात आणि मला जे बोलायचे होते ते राहून गेले. पत्र वाचायचा कंटाळा येतो असे तुम्ही एकदा म्हणाला होतात, तेव्हा नातीकडून वाचून घ्यावे. हे सगळ्यांसमोर लिहिते आहे, कारण घरी येणारा प्रत्येक जण त्या टेबलावरून हात फिरवतो आणि कोणी केले म्हणून विचारतो.

आमची बंद केलेली बाल्कनी ही खोली म्हणून बांधलेलीच नव्हती. पाणी वाहून जावे म्हणून तिच्या फरशीला उतार आहे, डाव्या कोपऱ्यातून पावसाच्या पाण्याचा पाइप खाली जातो, आणि दोन्ही बाजूंच्या भिंती एकमेकींना समांतर नाहीत. मी मुद्रितशोधक, प्रुफांचे लांब गठ्ठे शेजारी शेजारी पसरायला मला एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत अखंड टेबल हवे होते. तुमच्याआधी आलेल्या एका कारागिराने दोन मापे घेतली, चौकोनी फळीचा भाव सांगितला आणि भिंतीशी राहणाऱ्या बोटभर फटीत सिलिकॉन भरू म्हणाला.

तुम्ही आधी कोपऱ्यात काटकोन तपासायचा गुण्या लावलात. एक भुजा भिंतीला टेकली की दुसरीच्या टोकाशी उजेड दिसत होता, तो मला वाकून बघायला लावलात. कठड्याकडची लांबी ७ फूट २ इंच आणि खोलीकडची त्याहून ६ सूत, म्हणजे पाऊण इंच कमी. "मापं लिहून ठेवा ताई, पण कापताना मी ती बघणार नाही," असे म्हणून तुम्ही फ्रिजच्या खोक्याचा पुठ्ठा मागून घेतलात. लाकडाच्या लहानशा गुटक्याला पेन्सिल टेकवून तो गुटका भिंतीच्या कडेने सरकवत नेलात आणि प्लास्टरचा प्रत्येक फुगवटा पुठ्ठ्यावर उतरला. अक्षरांकडे इतक्या बारकाईने बघायची मला सवय आहे. भिंतीकडे तसे बघणारा माणूस मी प्रथमच पाहिला.

मागची बाजू रुंद आणि पुढची अरुंद, म्हणजे अखंड फळी आत सरकणारच नाही, हे माझ्या लक्षातही आले नव्हते. तुम्ही ती दोन तुकड्यांत केलीत, आणि जोड सरळ न ठेवता उजव्या भिंतीला समांतर असा तिरका ठेवलात. त्यामुळे डावा तुकडा पाइपला कवेत घेऊन बसल्यावर उजवा तुकडा ड्रॉवर ढकलावा तसा आत गेला. दोन्ही तुकड्यांवरचे सागवानी व्हिनियर, म्हणजे खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा, ८ फूट बाय ४ फुटांच्या एकाच शीटमधून सलग कापल्यामुळे रेषा जोडावरून न तुटता पुढे जातात. खालून कोण बघणार, असे मी म्हटले तेव्हा तुम्ही समजावलेत की एकाच बाजूला व्हिनियर चिकटवले तर गोंद वाळताना ओढ बसून फळी वाकते, म्हणून खालच्या बाजूलाही तेवढ्याच जाडीचा साधा थर लागतो. पावसाची झड येणारी जागा म्हणून १९ मिलिमीटरची, आयएस ७१० छापाची, म्हणजे पाण्याला टिकणारी मरीन प्लाय घ्यायला लावलीत. तेव्हा किमतीवरून मी कुरकुर केली होती, ती आता मागे घेते. पाण्याच्या उतारामुळे चारही पायांची उंची वेगळी आहे, पण वर ठेवलेल्या पाणसळीतला बुडबुडा अगदी मधोमध थांबतो.

आता माझ्या चुकीविषयी. तुम्ही जेवायला गेला असताना पुढच्या कडेजवळ फेव्हिकॉलचा एक डाग दिसला. असा डाग राहिला तर तिथे पॉलिश धरत नाही, हे सकाळीच तुमच्या तोंडून ऐकले होते. मदत करावी म्हणून मी पॉलिश पेपर घेऊन तो जोराने घासला. वरचे सागवान जेमतेम अर्ध्या मिलिमीटरचे. डाग गेला आणि त्याच्यासोबत सागवानही गेले, खालचा फिकट थर उघडा पडला. तुम्ही परत आलात, त्या जागेवर अंगठा फिरवलात आणि एवढेच विचारलेत, "उरलेली पट्टी टाकली नाही ना?"

त्या उरलेल्या पट्टीतून तुम्ही रेषा जुळतील अशी जागा शोधलीत. ती शोधायलाच अर्धा तास गेला असेल. मग दोन्ही टोकांना निमुळता, होडीच्या आकाराचा तुकडा कापलात, तोच वर ठेवून धारदार पटाशीने खालचे व्हिनियर तेवढेच काढलेत आणि तुकडा आत बसवलात. आडवा छेद डोळ्यांना खुपतो, रेषेच्या दिशेने निमुळता होत गेलेला छेद रेषेतच मिसळतो, हे तेव्हा कळले. दुसऱ्या दिवशी ३२० नंबरच्या पेपरने हलक्या हाताने घासून, सीलर मारून, वर मेलामाइनचे मॅट पॉलिश केलेत, कारण खिडकीचा उजेड कागदाशेजारी चकाकला तर डोळ्यांना त्रास होईल, हेही तुम्हालाच सुचले. या जादा कामाचे पैसे मात्र तुम्ही घेतले नाहीत, आणि मदतनिसासमोर ती चूक कोणाची हेही सांगितले नाहीत. त्याबद्दल मी विशेष ऋणी आहे.

दिवाळीनंतर या बाजूला येणे झाले तर घरी अवश्य यावे, आणि या वेळी चहा पूर्ण घ्यावा. तो होडीच्या आकाराचा तुकडा नेमका कुठे आहे, हेही तेव्हा दाखवावे. चष्मा लावून, तिरप्या उन्हात शोधूनही मला तो अजून सापडलेला नाही.

आपली कृतज्ञ,
बाल्कनीवाल्या ताई