हनुवटीवरचे गोंदण

कासाब्लांका, मोरोक्को

प्रिय वासंती,
सप्रेम नमस्कार.

मुलाकडे येऊन तीन महिने झाले तरी मी तुला एक ओळही लिहिली नाही, म्हणून तू रागावली असशील तर ते योग्यच आहे. गुडघा बरा आहे. आज लिहायला बसले ते मात्र तुझ्याखेरीज कोणाला सांगता येणार नाही अशा गोष्टीसाठी.

गेल्या आठवड्यात आम्ही ॲटलस पर्वतातल्या आयत बूगमेझ खोऱ्यात गेलो होतो. तिथली माणसे स्वतःला अमाझिघ म्हणवतात. बर्बर हे त्यांना परक्यांनी दिलेले नाव, म्हणून मी ते टाकून दिले आहे. एका घरी मागावर गालिचा लागलेला होता आणि पलीकडे एक आजी लोकर पिंजत बसल्या होत्या. त्यांच्या हनुवटीवर मधोमध निळसर हिरवी उभी रेघ आणि दोन्ही बाजूंना टिंबे होती. मला थेट आक्काच दिसल्या. न विचारता मी फोन उचलला, फोटो निघाला, आणि त्याच क्षणी आजींनी रुमालाचे टोक ओढून हनुवटी झाकली.

त्यांच्या नातीने सूनबाईला फ्रेंचमधून सांगितले, की आजी दहा-अकरा वर्षांच्या असताना सुईने आणि काजळीने ते गोंदले होते, त्या काळी साऱ्याच मुली गोंदून घेत. पुढे धर्मात ते पाप आहे असे कानावर आले, आणि आता देवापुढे काय सांगायचे याची त्यांना धास्ती वाटते. पण त्याच आजींनी मागावरच्या गालिच्यातले शंकरपाळ्यासारखे चौकोन माझा हात धरून, बोट फिरवून दाखवले. लोकरीत मिरवायचे आणि कातडीवर झाकायचे, हे मला अजून पचलेले नाही.

नात मात्र शाळेत तिफिनाघ, म्हणजे त्यांच्या अमाझिघ भाषेची लिपी शिकते. तिने माझ्या वहीत स्वतःचे नाव त्या लिपीत लिहून दिले. २०११ च्या राज्यघटनेने त्यांच्या भाषेला अधिकृत दर्जा दिला, सरकारी पाट्यांवर ती लिपी दिसते, आणि त्यांच्या नववर्षाला, यन्नायरला, २०२४ पासून सार्वजनिक सुट्टीही मिळते. भाषेला असा मान मिळत असताना आजींना स्वतःचा चेहरा लपवावा लागतो, याने मला झोप लागत नाही.

तुझ्या लग्नात फोटोवाला आला तेव्हा आक्कांनी पदराने गोंदण झाकले होते, आठवते? एरवी त्याच आक्का म्हणायच्या, "मेल्यावर एवढेच बरोबर येते, यमालासुद्धा नक्षी दाखवीन!" त्या दिवशी तू "झाकलेलेच बरे" म्हणालीस आणि मी दोन महिने तुझ्याशी बोलले नाही. आक्कांनी ते तुझ्या सासरच्यांसाठी झाकले होते, देवाच्या भीतीने नव्हे, हा फरक मला कळतो. तरीही हात तसाच वर गेला होता, वासंती.

मुलगा म्हणतो, फोटो पुसून टाक. सूनबाई म्हणते, ठेवा, वीस वर्षांनी असा चेहरा दिसणार नाही. दोघांचेही पटते, म्हणून तो फोनमध्येच पडून आहे. मी तो कोणाला दाखवलेला नाही आणि तुलाही पाठवत नाही.

धाकटीची परीक्षा कशी झाली? गच्चीची गळती थांबली का?

आणि त्या दिवशी फोटोवाला गेल्यावर आक्का तुला काही म्हणाल्या होत्या का, तेवढे आठवून कळव.

तुझी,
शालिनी