पान घेऊन आलेल्या वाचकाला द्यायला पुस्तक नाही

मा. कृषिमंत्री, महाराष्ट्र राज्य यांना खुले पत्र

महोदय,

स. न. वि. वि.

मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका ‘क’ वर्ग वाचनालयाची ग्रंथपाल आहे. कादंबऱ्या, चरित्रे आणि स्पर्धा परीक्षांची पुस्तके आमच्याकडे वर्षभर फिरत असतात. पाऊस सुरू झाला की मात्र वेगळे वाचक येऊ लागतात. कोणाच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत एखादे पान असते, कोणी डाग पडलेले डाळिंब आणतो, कोणी मुळासकट उपटलेले रोप. ते माझ्या टेबलावर ठेवून विचारतात, “बाई, हे काय पडलंय ते दाखवणारं पुस्तक हाय का?” एकवीस वर्षे मी ‘नाही’ म्हणते आहे. त्या ‘नाही’पायी हे पत्र लिहिते आहे.

एक प्रसंग सांगते. दोन वर्षांपूर्वी एक शेतकरी डाळिंबाची डहाळी आणि दोन फळे घेऊन आले. बागेत बुरशी आली आहे असे त्यांना सांगण्यात आले होते आणि त्यांच्या तीन फवारण्या होऊन गेल्या होत्या. योगायोगाने एक निवृत्त कृषी सहाय्यक वर्तमानपत्र वाचत बसले होते. ते उठले, पान खिडकीपाशी नेऊन उजेडासमोर धरले आणि आम्हा दोघांना जवळ बोलावले. डाग तेल लागलेल्या कागदासारखे आरपार दिसत होते. फळावरच्या काळ्या डागांना इंग्रजी वाय अक्षरासारखी भेग गेली होती. तो तेल्या होता. तेल्या बुरशीमुळे होत नाही, जिवाणूमुळे होतो. नुसत्या बुरशीनाशकाने तो हटत नाही. पावसाच्या थेंबांबरोबर, छाटणीच्या कात्रीबरोबर आणि रोगट रोपांबरोबर तो झाडावरून झाडावर जातो. कात्री निर्जंतुक करा, रोगट फळे-फांद्या बागेबाहेर नेऊन जाळा, बागेला विश्रांती द्या, पावसातला बहार टाळा. त्या गृहस्थांना हे सगळे कळले, पण तीन फवारण्यांनंतर, आणि तेही एक जाणता माणूस नेमका त्या दिवशी तिथे बसला होता म्हणून.

पान उजेडाकडे धरा, हे एक वाक्य आणि शेजारी एक स्वच्छ रंगीत छायाचित्र. एवढे छापलेले माझ्या कपाटात असायला हवे होते.

आपल्या चारही कृषी विद्यापीठांची मराठी प्रकाशने आहेत, दर्शन्या-दैनंदिन्या आहेत, हे मला ठाऊक आहे. मी त्या आवर्जून घेते आणि त्या वापरल्याही जातात. पण त्यांची मांडणी पिकाखाली रोग आणि रोगाखाली औषध व प्रमाण अशी असते. रोगाचे नाव आधीच माहीत असेल तर तिथे इलाज सापडतो. माझ्या टेबलासमोर उभ्या असलेल्या माणसाला नेमके नावच माहीत नसते, किंवा माहीत असते ते नाव फसवे असते.

हे नावांचे प्रकरण जरा विस्ताराने सांगते, कारण माझ्या मते खरा घोळ इथेच आहे. ‘करपा’ हा शब्द घ्या. भातावरचा करपा बुरशीचा, पण भाताचाच कडा करपा जिवाणूचा. कांद्याचे जांभळा, काळा आणि तपकिरी असे तीन करपे, तीन वेगळ्या बुरशींचे. टोमॅटोचा लवकर येणारा करपा आल्टर्नेरिया नावाच्या बुरशीचा, उशिरा येणारा फायटोफ्थोरा नावाच्या सूक्ष्मजीवाचा. आणि फायटोफ्थोरा दिसायला बुरशीसारखा असला तरी शास्त्राने त्याला खऱ्या बुरशींच्या कुळातून केव्हाच वेगळे काढले आहे. त्याच्यावर चालणारे मेटॅलॅक्झिल हे औषध आल्टर्नेरियावर चालत नाही. केळीचा करपा आणखी निराळा. शेतकरी दुकानात जाऊन “करपा आलाय” एवढेच म्हणतो. समोरच्याने काय द्यावे?

‘केवडा’ त्याहून वाईट. द्राक्षावर, वेलवर्गीय भाज्यांवर केवडा म्हणजे डाऊनी मिल्ड्यू, पानाखाली लव आणणारा रोग. मुगावर, सोयाबीनवर केवडा म्हणतात तो बहुधा पिवळा मोझॅक असतो. तो विषाणूचा रोग, पांढरी माशी तो पसरवते. उसाची पाने पिवळी-पांढरी पडतात तेव्हाही केवडाच म्हणतात, आणि तिथे अनेकदा रोग नसतोच, लोहाची कमतरता असते. एका शब्दाखाली तीन दुखणी आहेत. पहिल्याला योग्य बुरशीनाशक लागते, दुसऱ्यात रोगट झाड उपटून माशी आवरावी लागते, तिसऱ्याला हिराकस, म्हणजे लोहाचे खत, लागते. कपाशीच्या लाल्यावरही लोक बुरशीनाशक मारतात. लाल्या बहुतेक वेळा अन्नद्रव्यांच्या कमतरतेतून आणि झाडावर आलेल्या ताणातून येतो, हे त्यांना वेळेवर कोणी दाखवलेले नसते.

यात दोष भाषेचा नाही. आपल्या शेतकऱ्यांनी रोगांना दिलेली कितीतरी नावे अचूक निरीक्षणातून आली आहेत. उसाच्या शेंड्यातून काळा फटका बाहेर पडतो, म्हणून चाबूक काणी. बाजरीच्या कणसात दाण्यांऐवजी पानांच्या जटा वाढतात, तो गोसावी. संत्र्याच्या खोडातून डिंक वाहतो, तो डिंक्या. कपाशीच्या पानावर दही शिंपडल्यासारखे ठिपके, तो दहिया. ही नावे म्हणजे अर्धे निदानच आहे. ती जपायची आणि जिथे एका नावाखाली चार रोग दडले आहेत तिथे ते वेगळे करून दाखवायचे, असे पुस्तक मला हवे आहे.

रानातल्या वनस्पतींची गोष्टही अशीच. माझे माहेर अकोले तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. पावसाळ्याच्या तोंडाला आई शेवळं ही रानभाजी आणायची, त्यांची खाज मारायला काकडाची फळे घालायची. फोडशी या रानभाजीला पलीकडच्या गावात कुलू म्हणायचे. सासरी सोलापुरात आले तर माहेरी भाजीला खुडायचा तो कुर्डू इथे तण म्हणून उपटून बांधावर टाकतात. आपल्याच विभागाचे रानभाजी महोत्सव होतात, ते मला मनापासून आवडतात. मात्र मला तिथे मिळालेल्या पत्रकांत भाजी कशी करायची ते होते, तिच्यासारखी दिसणारी दुसरी वनस्पती कोणती ते नव्हते. कळलावीचे फूल किती देखणे! तिच्या कंदात मात्र कोल्चिसिन हे जहाल विष असते. रानात कंद खणणाऱ्या नव्या पोरांना ते कोण सांगणार? आईच्या पिढीला पुस्तकाची गरज नव्हती. माझ्या मुलीच्या पिढीला आहे.

अळंबीबाबत तर मला भीतीच वाटते. वारुळाजवळ उगवणारी, लांब मुळासारखा देठ खोल जमिनीत गेलेली अळंबी लोक पिढ्यान्‌पिढ्या खात आले आहेत. ती ओळखणारी माणसे कमी होत चालली आहेत आणि ‘चांदीचे नाणे काळे पडले नाही तर अळंबी बिनविषारी’ ही साफ चुकीची समजूत मात्र टिकून आहे. सर्वांत घातक अळंब्यांचे विष खाल्ल्याबरोबर जाणवत नाही. उलट्या-जुलाब सुरू व्हायला सहा ते बारा तास, कधी त्याहूनही जास्त वेळ लागतो. मग रोग्याला बरे वाटल्यासारखे होते आणि त्याच वेळी आत यकृत निकामी होत असते. हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आणि प्रत्येक वाचनालयात मराठीत असायला हवे.

हे ज्ञान आपल्याकडे नाही असे मुळीच नाही. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्रमुख राहिलेल्या थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्यातल्या वनस्पतींचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात प्रसिद्ध केला. भारतातल्या पिकांच्या बुरशीजन्य रोगांवरचा बटलर यांचा ग्रंथ १९१८ चा. भारतीय वनस्पती सर्वेक्षणाने १९९६ ते २००१ मध्ये महाराष्ट्राच्या सपुष्प वनस्पतींचे तीन खंड काढले. सर्वेक्षणाचे पश्चिम विभागीय केंद्र पुण्यातच आहे. पुण्याच्याच आघारकर संशोधन संस्थेत बुरशींचा राष्ट्रीय संग्रह आहे. डाळिंबाचे राष्ट्रीय संशोधन केंद्र आमच्या सोलापुरात, द्राक्षाचे पुण्याजवळच्या मांजरी गावी. एवढे सगळे हाताच्या अंतरावर असून ते ग्रंथ इंग्रजीत, तेही तज्ज्ञांसाठी. मराठीला अभिजात भाषेचा दर्जा २०२४ मध्ये मिळाला तेव्हा आम्ही वाचनालयात पेढे वाटले. त्याच आठवड्यात एक जण मक्याचे पान घेऊन आला होता आणि मी त्याला परत पाठवले.

मोबाइलवर फोटो काढून रोग ओळखता येतो, असे मला अनेकांनी ऐकवले आहे. येत असेल, काही वेळा येतोही. पण त्या फोटोला पान उलटून खालची लव बघता येत नाही, खोड चिरून आतला रंग बघता येत नाही. शिवाय उत्तर चुकले तर का चुकले ते कळत नाही. पुस्तक माणसाला बघायला शिकवते.

म्हणून माझी मागणी अशी आहे. चारही विद्यापीठांच्या वनस्पती रोगशास्त्र विभागांनी एकत्र बसून पिकांच्या रोगांचा सचित्र मराठी संदर्भग्रंथ करावा. त्याची सुरुवात रोगाच्या नावाने नको, लक्षणाने व्हावी: डाग कुठे आहे, कडा कशी आहे, उजेडात कसा दिसतो, पानाखाली लव आहे का. सारखे दिसणारे रोग समोरासमोरच्या पानांवर असावेत, आणि कीड, विषाणू, अन्नद्रव्यांची कमतरताही तिथेच शेजारी. रानवनस्पती आणि अळंबी यांचे खंड सर्वेक्षण आणि आघारकर संस्था यांना विनंती करून त्यांच्या मदतीने व्हावेत, त्यांत सारख्या दिसणाऱ्या विषारी वनस्पती आणि अळंब्या आधी दाखवाव्यात. जिल्ह्याजिल्ह्यातली नावे द्यावीत, त्यासाठी गावोगावच्या जाणत्या बायकांना विचारावे आणि त्यांची नावे ग्रंथात छापावीत. कोणत्याही औषध कंपनीचा पैसा किंवा जाहिरात त्यात नको, हे मी अगदी आग्रहाने सांगते. औषधांच्या शिफारशी बदलतात, त्यांची वेगळी पुरवणी दरवर्षी काढता येईल. रोगाचे रूप तसे वर्षाला बदलत नाही, त्यामुळे मूळ ग्रंथ बराच काळ टिकेल. छापील प्रत शासनमान्य प्रत्येक वाचनालयाला मिळावी आणि तीच संकेतस्थळावर सर्वांना मोफत उतरवून घेता यावी.

माझ्याकडे एक वही आहे. गेल्या एकवीस वर्षांत जे जे कोणी पान, फूल, कंद घेऊन आले त्यांनी सांगितलेली नावे मी त्यांच्या गावासह तीत लिहून ठेवली आहेत. दोनशे पाने भरली आहेत. काही नोंदी चुकीच्या असतील, तज्ज्ञांनी त्या तपासाव्यात. ग्रंथाचे काम सुरू होणार असेल तर ही वही मी स्वतः घेऊन येईन. कोणत्या कार्यालयात आणि कोणाकडे द्यायची, तेवढे कळवावे.

आपली विश्वासू,
एक ग्रंथपाल