साउंडवाल्या दादांना, चारचौघांत आभार

प्रिय दादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही. पोस्टरवर टाकू का असं विचारलं, तेव्हा "त्यापेक्षा केबली गुंडाळायला या" एवढंच म्हणाला होतात. पण आभार चारचौघांतच मानायला हवेत, कारण भांडलोही आम्ही चारचौघांतच.

दोन बँड, एक टेम्पो ट्रॅव्हलर, सामायिक ड्रमसेट आणि पुणे, नाशिक, कोल्हापूर असा दौरा. शेवटी कोण वाजवणार यावरून पहिल्या दिवसापासून धुसफूस. साउंडचेकचा, म्हणजे कार्यक्रमाआधी आवाज तपासून घ्यायचा, सगळा वेळ आम्ही खातो असं दुसऱ्या बँडचं म्हणणं. ते मुद्दाम रेंगाळत स्टेजवर येतात असं आमचं. कोल्हापूरच्या वाटेवर तर बोलणंच बंद झालं. तेव्हा पुढच्या सीटवरून मागे वळून, कुणी विचारलेलं नसताना, तुम्ही मेटॅलिका आणि गन्स एन् रोझेस या दोन अमेरिकन रॉक बँडच्या १९९२ सालच्या एकत्र दौऱ्याचा विषय काढलात.

मेटॅलिकाचा गायक-गिटारवादक हेटफिल्ड भाजला, गन्स एन् रोझेसचा गायक अ‍ॅक्सल रोझ निघून गेला, कॅनडातल्या माँट्रियलमध्ये दंगल झाली, एवढं रॉकवेड्या पोराटोरांनाही पाठ असतं. तुम्ही मात्र सुरुवात केलीत ती कोणाच्या मागून कोण वाजवायचं आणि मधे किती वेळ जायचा, इथून.

दोघांचेही तेव्हा भरभराटीचे दिवस. मेटॅलिकाचा काळा अल्बम ऑगस्ट १९९१ मध्ये आलेला, गन्स एन् रोझेसचे दोन अल्बम सप्टेंबरात एकाच दिवशी. कुणी कुणाचं पाहुणं नाही, मान सारखा. दौऱ्याची घोषणा करायला मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिक आणि गन्स एन् रोझेसचा गिटारवादक स्लॅश शेजारीशेजारी बसले होते. त्या दोघांचं जमायचं. कुरबूर होती ती हेटफिल्ड आणि अ‍ॅक्सल या गायकांची. १७ जुलैला वॉशिंग्टनच्या आरएफके स्टेडियमपासून गाडी सुटली. आधी फेथ नो मोअर हा तिसरा बँड, मग मेटॅलिका, शेवटी गन्स एन् रोझेस. निर्वाणा बँडलाही विचारलं होतं, त्यांनी सरळ नाही म्हटलं.

मेटॅलिका वेळेवर चढायची आणि वेळेवर उतरायची. अ‍ॅक्सलच्या वेळेचा भरवसा नव्हता. "शेवटचा बँड उशिरा आला की प्रेक्षक बिअर पितात, पोरं स्टेजमागे ताटकळतात आणि ओव्हरटाइमचं मीटर पळत राहतं," हे तुमचं वाक्य मागच्या सीटवरच्या काही जणांना चांगलंच झोंबलं. (नावं घेत नाही.) फेथ नो मोअरवाले मुलाखतींतून ज्यांच्या दौऱ्यावर होते त्यांचीच टर उडवत राहिले आणि सप्टेंबरात दौऱ्यातून बाहेर पडले. हेटफिल्डने अ‍ॅक्सलच्या ड्रेसिंग रूममधल्या मागण्यांची यादी कॅमेऱ्यासमोर चिडवत वाचून दाखवली, ती तर मेटॅलिकावरच्या माहितीपटातच आहे.

मग ८ ऑगस्ट, माँट्रियलचं ऑलिम्पिक स्टेडियम. आतषबाजीत ज्वाळा फेकणाऱ्या नव्या नळ्यांची भर पडली होती; हेटफिल्डला वाटलं की त्या जुन्यांच्या जागी आल्यात. गाणं चालू असताना तो नेमका ज्वाळेत गेला. हात भाजला, मेटॅलिकाचा कार्यक्रम अर्ध्यावर थांबला. इथे शेवटच्या बँडला रात्र सावरायची संधी होती. पण लोक दोन तासांहून जास्त थांबले, तेव्हा कुठे गन्स एन् रोझेस आले आणि घशाचं कारण सांगून अ‍ॅक्सल लवकरच निघून गेला. पुढे काचा फुटल्या, गाड्या उलटल्या, जाळपोळ झाली.

इथे तुमचं आमचं पटलं नाही, दादा. मॉनिटरमधून, म्हणजे गायकाला स्वतःचा आवाज ऐकवणाऱ्या स्टेजवरच्या स्पीकरमधून, नीट ऐकू येत नव्हतं अशी त्या बँडची तक्रार होती, आणि तुम्ही ती उडवून लावली नाहीत. आपलाच आवाज कानावर आला नाही तर गायक नकळत ओरडतो आणि घसा जातो, हे तुम्ही इतक्या गायकांच्या बाबतीत पाहिलंय. मान्य. तरी दोन तास म्हणजे दोन तास! मॉनिटर वाईट होता म्हणून आधीचा उशीर माफ होत नाही, असं मला आजही वाटतं.

पण तुमचा जीव त्या गोष्टीतल्या तिसऱ्याच माणसावर. जॉन मार्शल. मेटल चर्च बँडचा गिटारवादक आणि मेटॅलिकाच्या गिटारींची देखभाल करणारा. २५ ऑगस्टला फिनिक्समध्ये दौरा पुन्हा सुरू झाला, तेव्हा हेटफिल्ड बांधलेल्या हाताने नुसता गायला आणि त्याची गिटार मार्शलने वाजवली. १९८६ मध्ये हेटफिल्डचं मनगट मोडलं होतं, तेव्हाही हाच उभा राहिला होता. ६ ऑक्टोबरला सिअ‍ॅटलमध्ये दौरा संपला. गायक एकमेकांची उणीदुणी काढत होते आणि दौरा चालत होता तो अशा लोकांवर, हे सांगताना तुम्ही ड्रायव्हरकडे पाहिलंत. त्याने हॉर्न वाजवला.

कोल्हापुरात पोचल्यावर तुम्ही भाषण केलं नाहीत. शेवटी वाजवणाऱ्यांचा साउंडचेक आधी घेतलात, मग आवाज मोठा करणाऱ्या त्यांच्या पेट्यांच्या, म्हणजे अ‍ॅम्पच्या जागा रंगीत टेपने आखल्यात, मिक्सरचे फोटो काढलेत आणि आमचा साउंडचेक त्यानंतर, म्हणजे आधी वाजवणाऱ्या आमचं सामान मांडलेलंच राहिलं. दोघांना वेळ मोजून सारखा. चेंजओव्हरची, म्हणजे एक बँड उतरून दुसरा चढेपर्यंतची, मिनिटं मार्करने लिहून दोन्ही खोल्यांच्या दारांवर चिकटवलीत. आणि शेवटची अट: त्यांचे अ‍ॅम्प आम्ही उचलायचे, आमचे त्यांनी. त्यांचा बेसचा कॅबिनेट, म्हणजे स्पीकरची पेटी, इतका जड आहे की त्यांच्या बेसवाल्याबद्दल मला तेव्हापासून थोडा आदरच वाटतो.

चुरस गेली नाही, आणि जाऊही नये. त्यांचा ड्रमर त्या रात्री असा काही सुटला की आमच्या पोराने परत आल्यावर दोन आठवडे दुसरं काही केलं नाही, नुसता सराव. आता पुढच्या दौऱ्यात शेवटचा नंबर आलटून पालटून, असं ठरलंय. रंगीत टेपचा डबा आम्हीच आणणार आहोत.

एक राहिलं. तुम्ही अजून बिल पाठवलेलं नाही. दोन्ही बँड निम्मंनिम्मं देणार आहेत. आधी कोणी द्यायचं यावर सध्या वाद चालू आहे.

तुमचा,
बेसवाला