सनद, कर्ज आणि ताळेबंद : लेकीस पत्र

चोपडा, जि. जळगाव

चि. वैशालीस,
अनेक आशीर्वाद.

कायद्याची पदवी हातात आली की थेट परदेशात एलएलएमला, म्हणजे पदव्युत्तर अभ्यासाला, जावं का, आणि पुढे एखादी कंपनी चालवण्यापर्यंत पोचायचं तर वाट कुठून जाते, असं तू विचारलंस. फोनवर हे नीट सांगता येत नाही, आकडे निसटतात, म्हणून सविस्तर लिहिते. माझं मत आधीच सांगते. पहिली सनद, म्हणजे बार कौन्सिलकडे वकील म्हणून नोंदणी, मग निदान तीन वर्षं इथलं काम, मग परदेश. कर्ज काढायचंच झालं तर जिथे काम करायचा परवाना मिळणार आहे त्यासाठी काढ, नुसत्या पदवीसाठी नको.

सनदेला आता फार पैसे लागत नाहीत. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४मध्ये बजावलं की बार कौन्सिलने नोंदणीला कायद्यात लिहिलेल्यापेक्षा जास्त घ्यायचं नाही: सर्वसाधारण उमेदवाराला ७५० रुपये, अनुसूचित जाती-जमातीला १२५. आधी हीच रक्कम काही राज्यांत हजारोंच्या घरात जायची आणि खेड्यातली पोरं तिथेच अडायची. नंतर ऑल इंडिया बार परीक्षा: १०० प्रश्न, सर्वसाधारण गटाला ४५ टक्के. टिपा नसलेली मूळ कायद्यांची पुस्तकं आत नेता येतात. मार्जिनमध्ये पेन्सिलीने लिहिलेलं पुस्तक नेऊ नकोस, ते बाहेर काढायला लावतात.

आता तीन वर्षं का, ते ऐक. न्यूयॉर्कमध्ये परीक्षा न देताही 'परदेशी कायद्याचा सल्लागार' म्हणून परवाना मिळू शकतो, पण मागच्या पाचांपैकी तीन वर्षं आपल्या देशात प्रत्यक्ष वकिली केलेली असावी लागते. इंग्लंडमध्येही सनदधारक वकिलाला फायदा आहे. तिथल्या सॉलिसिटर परीक्षेसोबत इतरांना दोन वर्षांचा कामाचा अनुभव दाखवावा लागतो, तो आपल्याला माफ होतो. परीक्षेचा पहिला भाग ३६० प्रश्नांचा, १८०-१८०चे दोन पेपर, आणि तो भारतातल्या केंद्रावर देता येतो. दुसऱ्या भागातली तोंडी परीक्षा मात्र तिकडे जाऊनच द्यावी लागते. दोन्हींची फी मिळून पाच हजार पौंडांच्या जवळपास जाते. रक्कम मोठी आहे, पण एलएलएमच्या खर्चापुढे थोडी आहे.

इथे एक मोठा खड्डा आहे. बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियम ४९ प्रमाणे वकिलाला पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. कंपनीच्या विधी विभागात लागलीस की बार कौन्सिलला कळवून सनद स्थगित करावी लागते. म्हणजे कंपनीतली वर्षं 'वकिली' म्हणून मोजून घेणं अवघड होतं. नियम ४७ धंद्याचा: वकिलाने स्वतः धंदा चालवायचा नाही, फक्त निष्क्रिय भागीदार राहता येतं. नियम ४८ प्रमाणे संचालक मंडळावर बसता येतं, पण कारभार हाती घेता येत नाही. तेव्हा कंपनी चालवायची असेल तर कधी ना कधी सनद बाजूला ठेवावीच लागते. प्रश्न फक्त कधी ठेवायची एवढाच. ती पहिली तीन वर्षं झाल्यावर ठेव.

अमेरिकेची परीक्षा द्यायची असेल तर न्यूयॉर्कचा नियम ५२०.६ वाच. भारतीय कायदा इंग्लंडहून आलेल्या 'कॉमन लॉ' परंपरेतला असल्यामुळे आपल्या पूर्णवेळ पदवीवर बहुधा एलएलएमशिवायही बसता येतं. दूरशिक्षण चालत नाही. परीक्षा दोन दिवसांची, फेब्रुवारी आणि जुलैच्या शेवटी, ४००पैकी २६६ गुण लागतात. जुलै २०२८पासून तिथे नव्या पद्धतीचा पेपर येणार आहे, म्हणून कोणत्या सत्राला बसतेस त्यावर पुस्तकं विकत घे. गुणपत्रकं विद्यापीठाकडून परस्पर तिथल्या परीक्षा मंडळाकडे जावी लागतात. आपण हाताने दिलेलं किंवा फोडलेलं पाकीट ते धरत नाहीत. विद्यापीठाच्या खिडकीवर किती दिवस जातात ते तुला ठाऊक आहे, तेव्हा वर्षभर आधी अर्ज टाक.

पण परीक्षा पास होणं आणि तिथे राहून काम करण्याची परवानगी मिळणं वेगळं. इथेच पोरं फसतात. एलएलएमनंतर अमेरिकेत १२ महिने काम करता येतं. विज्ञान-अभियांत्रिकीवाल्यांना मिळतात ते वाढीव २४ महिने कायद्याला नाहीत. पुढे एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची सोडत: ६५,००० जागा आणि अमेरिकन पदव्युत्तरांसाठी आणखी २०,०००. सप्टेंबर २०२५मध्ये बाहेर देशातून नव्याने येणाऱ्यांच्या अर्जावर एक लाख डॉलरचा बोजा टाकला गेला. हे नियम बदलत राहतात, म्हणून त्या आठवड्यात सरकारी संकेतस्थळ बघूनच निर्णय घे, एजंटाच्या तोंडाकडे बघून नको.

माझ्या मते गरीब घरच्या मुलीला सगळ्यात कमी जोखमीची वाट वेगळीच आहे. तीन वर्षं वकिली, मग ज्या कंपनीचं अमेरिकेतही कार्यालय आहे तिच्या मुंबई-पुण्याच्या विधी विभागात नोकरी. तिथे सलग एक वर्ष भरलं की कंपनी एल-वन व्हिसावर बदली करू शकते. सोडत नाही, स्वतःचं कर्ज नाही. बदली होईलच अशी खात्री कुणी देत नाही, पण नाही झाली तरी तू इथे पगारावर असतेस.

कर्जाचा हिशेब एकदा कागदावर मांड. ३० लाख, ११ टक्के व्याज, शिक्षण आणि त्यानंतरची सवलत मिळून दोन वर्षं. तेवढ्यात नुसतं व्याजच ६ लाख ६० हजार होतं. ते मुद्दलात धरून दहा वर्षांत फेडायचं तर हप्ता ५०,००० रुपयांच्या वर जातो. तिकडे नोकरी मिळाली तर झेपेल. परत यावं लागलं तर जळगावच्या कोर्टात ज्युनिअर म्हणून तो हप्ता निघणार नाही. शैक्षणिक कर्जावर आयकरातली सूट आठ वर्षं मिळते खरी, पण ती फक्त व्याजावर, तीही जुन्या करपद्धतीत.

आणि तारण? साधारण साडेसात लाखांच्या वर बँक तारण मागते. आपली कोरडवाहू जमीन इथे कामाची नाही, कारण बँकांच्या वसुलीच्या सरफेसी कायद्यातून शेतजमीन वगळलेली आहे. बँकेला त्या कायद्याने ती विकून वसुली करता येत नाही, म्हणून ती सातबाऱ्याकडे पाहत नाही. गावठाणातलं घर चालू शकतं, पण त्याचा आपल्याकडे फक्त ग्रामपंचायतीचा नमुना ८ आहे, आणि तो कर आकारणीचा उतारा, मालकीचा पुरावा नव्हे. स्वामित्व योजनेत ड्रोनने मोजणी होऊन मिळकत पत्रिका मिळते, ती लागेल. घर आबांच्या नावावरून अजून उतरलेलं नाही. त्यात वाटा असलेल्या जिभाऊंची संमती लागेल, ती लेखी लागेल.

शिष्यवृत्तीच्या अटी नीट वाच. ब्रिटनची चेव्हनिंग चांगली आहे, पण दोन वर्षांचा कामाचा अनुभव मागते आणि नंतर दोन वर्षं मायदेशी परत राहायला लावते. तिकडेच स्थिरावायचं ठरवलेल्याने ती घेऊ नये. राज्याच्या आणि केंद्राच्या परदेश शिष्यवृत्त्यांना उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाप्रमाणे जात वैधता लागते. वैधतेसाठी जुनी नोंद शोधावी लागते, ओबीसीला १९६७च्या आधीची. शाळेचं जनरल रजिस्टर आणि कोतवाल बुकाची, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीची, नक्कल आताच काढून ठेव.

नावाचंही तेच. दहावीच्या गुणपत्रकावर आडनाव आधी, पासपोर्टवर ते वेगळ्या रकान्यात येणार, आधारवर बाबांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर. तिकडचं मंडळ ही तीन माणसं धरतं. पासपोर्टच्या आधीच सगळीकडे एक स्पेलिंग कर. पासपोर्ट निघाल्यावर दुरुस्तीला राजपत्र, प्रतिज्ञापत्र आणि महिने लागतात.

आता कंपनीचं. कायदा शिकून धंद्यात जाण्याचं आपल्याच जिल्ह्यातलं उदाहरण आहे. जामनेर तालुक्यातल्या वाकोदचे भवरलाल जैन, जैन इरिगेशनचे संस्थापक, वाणिज्य आणि कायदा शिकले आणि १९६३मध्ये घरच्या ७,००० रुपयांवर रॉकेल विकायला लागले. कायदा उपयोगी पडतो तो असा, धंद्याच्या आतून. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं, केनेथ फ्रेझियर यांचं. ते परदेशातून आलेले नव्हते, पण वडील साफसफाईचं काम करायचे. मर्क औषध कंपनीचे मुख्य वकील झाल्यावर ते २०११मध्ये तिचे प्रमुख झाले. मधली पायरी लोक विसरतात: २००७मध्ये त्यांनी कायद्याचं खातं सोडून औषधविक्रीचा विभाग हाती घेतला. नफा-तोट्याची जबाबदारी अंगावर आल्याशिवाय वकिलाला कोणी कंपनी देत नाही.

म्हणून दर महिन्याला एका कंपनीचा वार्षिक अहवाल वाच. आधी लेखापरीक्षकाचा शेरा, मग टिपांमधली आकस्मिक देयता. तिथे चालू खटले रकमेसकट लिहिलेले असतात आणि वकिलाला ते इतरांपेक्षा लवकर कळतात. मग येणी (गिऱ्हाइकांकडून यायचे पैसे) भागिले विक्री गुणिले ३६५ कर. विक्री १०० कोटी, येणी ४० कोटी, तर पैसा यायला १४६ दिवस लागतात. ठिबकसारख्या अनुदानावर चालणाऱ्या धंद्यात हा आकडा नफ्याच्या आधी बघायचा. अनुदान रखडलं की कागदावर नफा दिसतो आणि पगाराला पैसे नसतात.

करारावर मत देताना 'हे कलम धोक्याचं आहे' एवढंच लिहू नकोस. धोका खरा झाला तर जास्तीत जास्त किती रुपये जातील, तशी वेळ येण्याचा संभव किती, आणि दायित्वाला मर्यादा घातली तर समोरचा दर किती वाढवेल, हे तीन आकडे दे. ज्या वकिलाकडे हे आकडे असतात त्यालाच व्यवहार ठरवायच्या बैठकीत बोलावतात, बाकीच्यांकडे नंतर फक्त मसुदा येतो. न्यायालयातली तीन वर्षंसुद्धा त्यासाठी घालव: चेक न वटल्याचे, वसुलीचे, भागीदारी मोडल्याचे दावे घे. धंदा कुठे फाटतो ते त्या फायलींत दिसतं.

मिळकत पत्रिकेचं भूमी अभिलेख कार्यालयात मी विचारते, जिभाऊंशी बाबा बोलतील. तू दहावी-बारावीची गुणपत्रकं, आधार आणि शाळा सोडल्याचा दाखला यांचे फोटो रविवारपर्यंत पाठव. नावात कुठे फरक आहे ते मी लाल पेनाने खूण करून ठेवते.

तुझी,
आई