शुगर लो झाली की नुसती चक्कर येत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

मागच्या संकष्टीला आमच्या अण्णांना (वय ७१) संध्याकाळी सातच्या सुमारास दरदरून घाम फुटला, बनियन पिळून काढावं इतका, आणि काय बोलतायत तेच कळेना, वर उगाच चिडचिड. आई म्हणाली हार्टचंच असणार, कारण आधी एक स्टेंट टाकलाय, मग रिक्षा बोलावली आणि थेट दवाखाना. तिथं सिस्टरनं बोटाला सुई टोचली तर शुगर ४४! घरात ग्लुकोमीटर होतं हो, पण कपाटात, स्ट्रिपा संपलेल्या, ती चूक आमचीच. सलाईनमधून ग्लुकोज गेल्यावर थोड्या वेळात माणूस उठून बसला आणि चंद्र उगवला का विचारायला लागला. पण ईसीजीत ठोके मधेच चुकत होते म्हणून रात्रभर मॉनिटरवर ठेवलं.

झालं असं की सकाळी नेहमीची शुगरची गोळी, ग्लिमेपिराईड, घेतली आणि दिवसभरात चहा नि एक केळं. आता ही गोळी पोटात काही आहे का नाही ते बघत बसत नाही, ती स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला लावतेच, आणि वयामुळं किडनी मंदावली असेल तर तिचा असर आणखी लांबतो.

आम्हाला हायपो (शुगर फार लो होणं) म्हणजे चक्कर, थरथर, गोड खाल्लं की संपलं एवढंच माहीत. ड्यूटीवरच्या डॉक्टरांनी समजावलं की शुगर फार खाली गेली की शरीर अ‍ॅड्रेनलीन सोडतं, हृदयावर ताण येतो, रक्तातलं पोटॅशियम उतरतं, ईसीजीतला क्यूटी (दर ठोक्यानंतर हृदय पुन्हा तयार व्हायला लागणारा वेळ) लांबतो आणि ठोक्यांची लयच बिघडू शकते. त्यात अण्णांना मेटोप्रोलॉल (हृदयाचे ठोके मंदावणारी गोळी) चालू, त्यामुळं धडधड, थरथर फारशी जाणवत नाही, घाम तेवढा फुटतो. म्हणजे वॉर्निंगच अर्धी गायब.

आणि आमच्या कट्ट्यावर मंडळी 'माझं एचबीएवनसी (मागच्या दोन-तीन महिन्यांच्या शुगरची सरासरी दाखवणारी टेस्ट) ५.८' असं दहावीचे मार्क सांगितल्यासारखं सांगतात. २००८ साली अमेरिका-कॅनडातल्या अ‍ॅकॉर्ड नावाच्या अभ्यासात, दहा हजारावर पेशंट होते, एका गटाचं एचबीएवनसी कडक औषधोपचारानं ६ च्या खाली आणायला गेले तर त्याच गटात मृत्यू जास्त व्हायला लागले, तो भाग मधेच थांबवावा लागला. सगळे हायपोनंच गेले असं काही सिद्ध झालं नाही, पण तेव्हापासून वयस्कर आणि हार्टच्या पेशंटला डॉक्टर साडेसात-आठपर्यंतही चालवून घेतात. अण्णांचं होतं ६.१, आणि आम्ही खुश!

गोळी मनानं बंद करू नका, पण उपासाच्या आधी डॉक्टरांना विचारा डोस कमी करायचा का. शुगर ७० च्या खाली आली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, पंधरा मिनिटांनी परत तपासा. पेढा, चॉकलेट नको, तुपा-दुधाच्या फॅटमुळं साखर उशिरा चढते. आणि गोळीत व्होग्लिबोज (आतड्यात साखर फुटायला उशीर लावणारं औषध) असेल तर साधी साखरही लवकर लागू पडत नाही, ग्लुकोज पावडरच लागते, हे आम्हाला केमिस्टनं इतक्या वर्षांत एकदाही सांगितलं नव्हतं.

तुमच्या पेपरात दर संकष्टीला चंद्रोदयाची वेळ छापता, उपासाच्या रेसिपी छापता, त्याच चौकटीत शुगरची गोळी घेणाऱ्यांसाठी दोन ओळी टाकाल का?

एक वाचक, सातारा