भित्रा कोण, ते तूच सांग

प्रिय बंड्या,

इतके महिने पत्र नाही म्हणून तू घातलेल्या शिव्या पोचल्या. प्रकृती ठीक, गुडघा आहे तसाच.

परवा जेवताना धाकट्याने विचारलं, "बाबा, उद्या युद्ध झालं, सक्तीची भरती आली आणि मी नाही म्हणालो, तर मला भित्रा म्हणाल?" हिने ताटातून मान वर केली नाही. म्हणजे मायलेकांचं आधीच बोलणं झालेलं.

मी सवयीने व्याख्यान सुरू केलं. अमेरिकेचा मुष्टियोद्धा मुहम्मद अली, १९६७, व्हिएतनामच्या युद्धावर जायला नकार. जगज्जेतेपद गेलं, ऐन उमेदीची वर्षं रिंगबाहेर. १९७१ला सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. कार्टं म्हणतं, "त्याला जग ओळखत होतं. मला कोण ओळखतं?" (वाद घालण्यात तुझ्यावर गेलाय.) मग येगरश्टेटर काढला. ऑस्ट्रियातला शेतकरी. हिटलरसाठी लढणार नाही म्हणाला. ऑगस्ट १९४३मध्ये शिरच्छेद. मागे बायको आणि तीन लहान मुली. युद्ध संपल्यावरही त्या बाईला पेन्शनसाठी १९५०पर्यंत थांबावं लागलं.

"म्हणजे मान कापून घेतली तरच नकार खरा?"

बोलती बंद. हे तर तुझंच जुनं तुणतुणं: किंमत मोजतो तो शूर, बाकी पळपुटे. त्यावरून आपण दोघं किती दिवस अबोला धरून होतो! मला ते आजही पटत नाही. १९१६ला ब्रिटनने सक्तीची भरती आणली, तेव्हा सदसद्विवेकबुद्धीच्या कारणावरून सूट मागता येत होती. पण मंडळापुढे उभं राहून तुझं मन खरंच तसं आहे हे पटवायचं. ३५ जणांना तर फ्रान्सला नेऊन मृत्युदंड ऐकवला, मग तो दहा वर्षांच्या सक्तमजुरीवर आणला. नकार देणाऱ्याची एवढी झडती! जाणाऱ्याला मात्र कुणी विचारत नाही, बाबा रे, हिमतीने चाललास की लोक काय म्हणतील म्हणून? तिथे साध्या कपड्यातला तरुण दिसला की बायका भर रस्त्यात त्याच्या हातात पांढरं पीस ठेवायच्या, म्हणजे तू भित्रा. युद्धावर जाऊन आलेले आपले अण्णा गच्चीवर एकदाच बोलले होते ना, "आम्ही निम्मे लाजेपोटी उभे राहिलो."

पण शत्रू दारात असेल तर? तिथे अली कामाचा नाही. दुसऱ्या महायुद्धातला अमेरिकन सैनिक डेस्मंड डॉस थोडा आहे. हत्याराला हात न लावता जपानच्या ओकिनावा बेटावरच्या कड्यावरून जखमींना दोराने खाली सोडत राहिला. मला तो फार आवडतो. पण त्याच्या आजूबाजूला गोळ्या झाडणारे होतेच की. धाकटा नाही म्हणाला तर त्याच्या जागी कुणाचा तरी पोरगा जाणार, हे मी त्याला सांगितलं नाही.

आणि खरं सांगू? त्याने विचारलं तेव्हा माझ्या मनात न्याय-अन्याय काही आलंच नाही. पोरगा वाचेल, एवढंच आलं. त्याच्या नकारात धाडस असेलही. माझ्या होकारात निव्वळ भीती होती. मी म्हटलं, "नाही रे, भित्रा कसा म्हणेन?" तर लगेच, "आणि मी गेलो तर?" ही उठून आत गेली.

तुझ्या बदलीचं कळलं. अभिनंदन करू की सांत्वन, ते कळव. वहिनींचे डोळे आता कसे आहेत?

अण्णा परत आल्यावर तुझ्याशी कधी मोकळेपणी बोलले का रे? गेल्याबद्दल त्यांना काय वाटायचं? आठवेल ते सगळं लिही. पोस्टकार्डावर भागवू नकोस.

तुझा,
नाना